हळदीखालची तार

मावशी, हळद वनितावहिनींनी खरवडली. हे आधी सांगतो. माझ्याने झालं नाही. मी गाडीखाली आडवा पडलेला, हातात पाना, आणि हात काही केल्या पुढे जाईना. मग त्यांनी केलं.

तू असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस, "संगं कोण होतं?" गाडी रुतली, टायर फुटला, पोलिसाने अडवलं, काहीही झालं तरी नुकसान किती झालं हे तू नंतर विचारायचीस. आधी, संगं कोण होतं. तर वहिनी होत्या. तुझी सून. जिला तू भाकर उलटायच्या सराट्यालासुद्धा हात लावू देत नव्हतीस, ती.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी, लिहायला बसलो की अजून भीती वाटते. कोणी वाचून हसेल, असं वाटतं. पण तुझ्याशी बोलायची सवय आहे. आपल्या मावला गावातून निघालो की इंद्रवेल्लीच्या पुढच्या गुड्यापर्यंत, डोंगरातल्या त्या वस्तीपर्यंत, सगळी वाट आपण बोलतच जायचो. निम्मा वेळ भांडतच. तसंच हे, केबिनमधलं बोलणं समज.

इथे अजून लोक मला विचारतात, कोल्हापूरकडचा माणूस आदिलाबादेत काय करून राह्यला? मी सांगतो, मालकाने ट्रक विकला. कापसाच्या गाठी न्यायला ट्रक घेऊन आलो होतो, मालकाने फोनवरच गिऱ्हाईक ठरवलं आणि मला म्हणाला, चावी दे आणि ये परत. परत यायला निघालो आणि रस्ता चुकून तुझ्या वांग्याच्या वाफ्यापाशी येऊन उभा राहिलो. स्टेशन कुठे, एवढंच विचारायचं होतं. कडुनिंबाखाली एक जुनी पिकअप उभी होती, धुळीने माखलेली, आणि तू तिच्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी. जंगलातल्या एका ठेकेदाराने वापरून काढून टाकलेली गाडी तू घेतली होतीस आणि तिच्यावर एकही ड्रायव्हर टिकत नव्हता.

"गाडी येते काय तुले?"

"येते."

"मंग उभा काऊन हाय?"

माझी नोकरी अशी लागली. स्टेशनचा रस्ता तू मला कधी सांगितलाच नाहीस.

पहिल्या आठवड्यात मी तुला "तुम्ही" म्हणायचो. तू भाजीची पाटी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "तुमी-तुमी काऊन करून राह्यला रे? मी तहसीलदार हाव काय?" तेव्हापासून "तू". माझ्या आईला फोन लावून दिलास आणि तासभर बोलत बसलीस. तिचं आजऱ्याकडचं बोलणं तुला अर्धं कळलं नाही, तुझं तिला. पण फोन ठेवताना दोघी डोळे पुसत होत्या, हे मी इकडे पाहिलं आणि तिकडचं बहिणीने सांगितलं. घरापासून इतक्या लांब मला रात्री झोप लागायला लागली ती त्या दिवसापासून. हे तुला सांगायचं राहून गेलं.

गाडीचं सांगतो. आपल्या त्या गाडीला एरवी मागची चाकंच ढकलतात. पण स्टिअरिंगशेजारी एक गोल बटण आहे. ते फिरवलं की गाडीच्या पोटाखालची छोटी मोटर घर्र करते, समोरची चाकंही ओढायला लागतात आणि हिरवा दिवा लागतो. डांबरी संपली की गुड्याचा ओढा लागतो आणि ओढ्यानंतर लाल मुरमाचा चढ. तिथे चारही चाकं लागली नाहीत तर गाडी जागच्या जागी नाचते. दुसरी कुठलीच गाडी तिथे जात नाही. म्हणून तर गुड्यातल्या बायांची वांगी, वालाच्या शेंगा, सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, सगळं आपणच आदिलाबादच्या बाजारात आणायचो.

आणि त्या बटणावरून आपलं जे भांडण होतं, ते राहिलंच.

तू म्हणायचीस, दर बाजाराला बटण फिरव, गरज असो-नसो. "बैल बांधून ठेवला तं आखडते. तशीच हे समोरची चाकं. रोज थोडी चालवाव लागते."

मी म्हणायचो, "मावशी, हे बैल नाही. मोटर आहे. जितकी कमी फिरेल तितकी जास्त टिकेल."

"तुह्या कोल्हापुरात टिकत असंल."

"मग गाडी तूच चालव ना."

"शिकव, चालवतो," असं म्हणायचीस (इकडे बायाही "चालवतो"च म्हणतात), आणि मी हसून पुढचा गियर टाकायचो. तू खरंच म्हणत होतीस की काय, ते मी कधी विचारलं नाही.

दुसरं भांडण पोळ्याचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही बैलांचे खांदे शेकता. तूप-हळद कालवून पळसाच्या पानाने खांदा मळायचा, वर्षभर जू ओढून दुखलेला असतो म्हणून. तुझे बैल तर कधीच विकून झाले होते. ओढणारी आता ही गाडी. तेव्हा खांदा तिचा शेकायचा. पहिल्या वर्षी मी पोट धरून हसलो होतो. तू वाटी घेऊन गाडीभोवती दोन चकरा मारल्यास, बोनेटवर हात फिरवलास, दारावर फिरवलास, आणि मग उजव्या चाकामागे वाकलीस, जिथे चाकाचे दांडे येऊन चासीला, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, मिळतात.

"हा पाह्य, खांदा. वजन इथंच येते."

"मावशी, तो खांदा नाही. ते ब्रॅकेट आहे."

"तुले खांदा दुखत नाई म्हणून तुले दिसत नाई."

मग तू पान टाकून दिलंस आणि हातानेच तूप-हळद चोपडलीस. सगळा पंजा. आणि आरशाजवळ तोंड नेऊन, बैलाच्या कानात सांगतात तसं हळूच म्हणालीस, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी गाडीला सुट्टी, मला पुरणपोळी. दर वर्षी तेच. जुन्या हळदीवर धूळ बसायची, धुळीवर नवी हळद. खांद्यावर चांगली जाड साल चढली होती. या पोळ्यालाही तू चोपडलीस. बोटं ओढल्याच्या खुणा तशाच सुकल्या. चार बोटं आणि बाजूला अंगठा.

मग पावसाळ्याच्या शेवटी एका बाजाराला ओढ्यापाशी मी बटण फिरवलं आणि घर्र झालं नाही. दिवा नुसता लुकलुकत राहिला. पुन्हा फिरवलं. पुन्हा लुकलुक. गुड्यातल्या बाया खाली आल्या, त्यांनी डोक्यावरून पाट्या ओढ्यापार आणल्या, आणि मागे वळवताना गाडी रुतली म्हणून ढकलायलाही लागल्या. तू केबिनमधून उतरून काठावर उभी राहिलीस आणि ओरडलीस, "पाहा वो बायांनो, कोल्हापूरचा पैलवान! बसून राह्यला आत!" सगळ्या जणी चिखलात उभ्या राहून हसत होत्या. मीही हसलो. येताना वाटेत तू मात्र म्हणालीस, "मी म्हणत होतो. चालवत नाई ठेवली म्हणून आखडली."

मी म्हणालो, "उद्या खोलून बघतो. मग सांगतो कोण बरोबर ते."

मावशी, तो उद्या आलाच नाही गं. सकाळी तू वाफ्यात पाणी सोडायला गेलीस आणि तिथेच बसलीस. दवाखान्यापर्यंत याच गाडीतून नेलं तुला. रस्ता डांबरी होता, मागची चाकं पुरली. त्याच्यापुढचं मी लिहीत नाही.

घरी माणसं भरली, रडणं झालं, पहिले विधी झाले. आणि मग एका सकाळी गजूभाऊंनी मला ओट्यावर बोलावलं. तुझा मुलगा वाईट नाही, हे मी तुझ्या तोंडावरही म्हणायचो. त्यांचं बाजारातलं दुकान आणि तुझा डोंगर यांचं जमलं नाही, एवढंच.

"भाऊ, मी काय दुश्मन हाय तिचा?" ते म्हणाले. "पण गाडी गुड्यावर चढत नाई तं ठेवून काय करू? तेरवी झाली का भंगारवाला येऊन राह्यला. त्याले शब्द देल्ला मी."

गाडी गेली म्हणजे मी गेलो, ते तर उघडच. पण मी गेलो तर कोल्हापूर आहे, आई आहे. गुड्यातल्या बायांनी काय करायचं? तू त्यांना पहिल्या दिवशी काय सांगितलं होतंस, ते मी ऐकलं होतं. "पाऊस असो का ऊन, गाडी येईन." तो शब्द गजूभाऊंच्या शब्दाच्या आधीचा होता.

मी भित्रा माणूस आहे, तुला माहीत आहे. मालकाशी डोळ्याला डोळा भिडवून मी कधी बोललो नाही. पण त्या दिवशी तोंडातून गेलं, "भाऊ, तेरवीच्या आधी गाडी गुड्यावर नेतो. तेरवीची भाजीही तिथूनच आणतो. चढली नाही तर खुशाल द्या."

त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाह्य, जमते तं."

सत्तारभाईंना बोलावलं. मावल्याच्या फाट्यावरचे आपले मिस्त्री, तुला अम्मा म्हणणारे. त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत गाडी सोडली नाही. फ्यूज बघितला, चांगला. बटण फिरवलं की रिले, म्हणजे वीज पुढे सोडणारी छोटी डबी, टक करत होता, म्हणजे बटणाचा हुकूम पुढे जात होता. मग त्यांनी पोटाखालची मोटर खोलून बाहेर काढली आणि दोन तारा लावून थेट बॅटरीवर चालवली. घर्र! इतक्या जोरात फिरली की आम्ही दोघे एकमेकांकडे बघायला लागलो. आखडलेली नव्हती, मावशी. अजिबात नाही. परत बसवली, बटण फिरवलं. लुकलुक.

सत्तारभाई हात पुसत म्हणाले, "अम्मा की गाड़ी है, झूठ नई बोलता. इसका डिब्बा मर गया. पुराना मॉडल है, अब किधर मिलता?" डिब्बा म्हणजे सगळ्या तारा जिथे जातात ती हुकूम देणारी पेटी. ती मेली तर संपलंच. आवराआवर करताना त्यांनी टॉर्च मारून चासी शेवटपर्यंत बघितली, आणि उजव्या चाकामागे प्रकाश हळदीवर पडला तसा हात मागे घेतला. "ये अम्मा का हाथ है. इसको मैं नई छूता."

मलाही बरंच वाटलं. कोणी हात लावू नये, असंच वाटत होतं.

जाताना त्यांनी त्यांचा टेस्ट लॅम्प माझ्याजवळ ठेवला. एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला चिमटा, मध्ये छोटा दिवा. वीज आहे तिथे दिवा लागतो, एवढं मला येत होतं. त्याच्यापुढे तारांचं जंजाळ दिसलं की मला घाम फुटतो. शाळेत फळ्यावरची गणितं दिसली की फुटायचा, तसाच.

दुसऱ्या सकाळी मी एकटाच गाडीखाली शिरलो. अडचण अशी होती की बटण वर केबिनमध्ये आणि मी खाली. फिरवायचं कोणी? दोनदा वर-खाली झालो. तिसऱ्यांदा बाहेर येतो तर केबिनचं दार उघडल्याचा आवाज.

"मी फिरवू काय, भाऊ?"

वनितावहिनी. तुझ्या जागेवर नाही, ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या. शेजारची आत्याबाई ओट्यावरून म्हणाली, "अवो, सुतकात सुनेनं गाडीत बसावं काय?"

वहिनी म्हणाल्या, "गाडीलेबी सुतकच हाय, आत्याबाई. सासूबाईचीच गाडी व्हय."

आत्याबाई आत गेली. मी खाली डोळे मिटले. तू हे ऐकायला हवं होतंस.

मग आमचं काम लागलं. मी ओरडायचो, "फिरवा!" वरून यायचं, "फिरवलं!" मी लॅम्पचा चिमटा एका लांब तारेने बॅटरीच्या मायनसला जोडला आणि सुई मोटरकडे येणाऱ्या तारेत टोचली. बटण फिरवलं. दिवा लख्ख. म्हणजे वीज इथपर्यंत येत होती. डिब्बा मेलेला नव्हता! मग मी चिमटा तिथून काढून डिब्ब्याच्याच काळ्या तारेला लावला, जिच्यातून वीज परत जाते. बटण फिरवलं. दिवा विझत आलेल्या बिडीसारखा. नुसता लाल.

मी पुन्हा केलं. बॅटरीला, लख्ख. काळ्या तारेला, मंद. तिसऱ्यांदा केलं, कारण माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

"काय झालं, भाऊ?"

"वहिनी, वीज येते आहे बरोबर. तिला परत जायला वाट नाही. कुठेतरी अडली आहे. रिलेला थोडी पुरते म्हणून तो टक करतो. मोटरला जास्त लागते, तिला पुरत नाही."

वरून हसण्याचा आवाज आला. त्या घरात इतक्या दिवसांत कोणी हसलं नव्हतं. "येऊन तं पडली, पण जायची वाट बंद. अशी एक सून मले ठाऊक हाय."

मीही खालीच हसलो. मग ती काळी तार बोटांत धरून निघालो. टेपखालून, चासीच्या कडेने, पुढे पुढे. मिस्त्री तिला अर्थिंगची तार म्हणतात. ती कुठेतरी बोल्टने चासीला घट्ट बसवलेली असते आणि तिथूनच वीज बॅटरीकडे परत जाते. तो बोल्ट शोधायचा होता. तार उजव्या चाकामागे आली, वर वळली, आणि तुझ्या हळदीत शिरली.

मावशी, मी किती वेळ तसाच पडून होतो, सांगता येत नाही. तुझी चार बोटं माझ्या तोंडापासून वीतभर लांब. करंगळी जरा वाकडी, विळ्याने कापली होती ना, तशीच वाकडी उमटलेली. तुझे कपडे वाटून झाले होते. तुझी चूल वेगळ्या हातात गेली होती. तुझ्या हाताचं असं आता एवढंच राहिलं होतं. आणि नेमकं त्याच्याखाली तो बोल्ट.

वहिनी खाली वाकल्या. "सापडली काय?"

मी बोट दाखवलं. त्यांना लगेच कळलं. मी म्हणालो, "वहिनी, डिब्बा मेला असंच सांगू भाऊंना. राहू दे."

"आन् गुड्यातल्या बाया?"

मी पाना खाली ठेवला.

त्या घरात गेल्या आणि येताना सराटा घेऊन आल्या. तुझा, लाकडी मुठीचा. साडीचा पदर खोचून त्या चिखलात पाठीवर आडव्या झाल्या. "भाऊ, पोळ्याले नवी हळद लागते का नाई? मंग जुनी कोण ठेवते? सासूबाई असत्या तं आतापर्यंत दोन शिव्या देऊन त्यायनंच खरवडली असती." एवढं म्हणाल्या, पण सराटा लावण्याआधी त्यांनी आपला पंजा तुझ्या पंजावर ठेवला. बोटावर बोट. क्षणभरच. मग खरवडायला लागल्या. हळदीच्या खपल्या त्यांच्या तोंडावर, केसांत पडत होत्या, आणि त्या रडत होत्या की डोळ्यात धूळ गेली होती, ते मी बघितलं नाही. मी दुसरीकडे बघत होतो.

खाली बोल्ट निघाला. तारेचं टोक हिरवं पडलेलं, चासीशी लागलेलं लोखंड भुरभुरीत. वर्षानुवर्षं त्या सालीत पावसाचं पाणी मुरत राहिलं आणि टोक आतून खात गेलं. बिघाड मोटर न चालवल्याने झाला नव्हता, मावशी. तुझ्या हळदीने झाला होता. भांडण मी जिंकलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिंकलो आणि सांगायला तू नाहीस. असलं जिंकणं कोणाला नको.

पण पूर्ण जिंकलो असंही नाही. ऐक. गाडीच्या पोटाखालचा एकेक बोल्ट गंजून असा बसलाय की सत्तारभाईंचा पाना वाकतो. हा बोल्ट पान्याच्या दोन फेऱ्यांनंतर बोटाने सुटला. आट्यांत तुझं तूप मुरलं होतं. तुटला असता तर तिथेच दिवस गेला असता. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पाह्य, सुटला का नाई?" आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू झालं असतं.

मी पॉलिश पेपरने टोक घासलं, लोखंड घासलं, पांढरं होईपर्यंत. बोल्ट बसवणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मंग आता पोळ्याले खांदा कुठं मळावं?"

माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. मी तार तिथे बसवली नाही. हातभर मागे, कोरड्या जागी चासीला एक रिकामं भोक होतं, तिथे लोखंड घासून, नवा बोल्ट टाकून तार घट्ट केली. खांदा मोकळा ठेवला. तुझाच राहिला तो. मला तिथे लगेच थोडी हळद लावायची होती, पण सुतकात हळद नाही, वहिनी म्हणाल्या. खपल्या त्यांनी पदरात गोळा केल्या आणि तुझ्या वांग्याच्या वाफ्यात नेऊन मिसळल्या.

मग त्या ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या. मी खालूनच ओरडलो, "फिरवा!"

घर्र.

"हिरवा लागला, भाऊ! थांबला! लुकलुकत नाई!"

गुड्यावर जायला गजूभाऊ स्वतः बसले. केबिनमध्ये, तुझ्या जागेवर. इंद्रवेल्ली मागे पडली, डांबरी संपली, ओढा आला. मी हात पँटला पुसले. बटण फिरवलं. खालून आवाज आला. ओढ्यातून गाडी बैलासारखी मान खाली घालून गेली, आणि चढावर मुरूम मागे उडायला लागला, तशी समोरच्या चाकांनी जमीन धरली. मला स्टिअरिंगमध्ये कळलं ते. एकदा, अर्ध्या चढावर, मागचं डावं चाक घसरलं. गजूभाऊंनी डॅशबोर्ड धरला. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. माझ्यासारख्या माणसाने पाय उचलला असता, पण त्या दिवशी नाही उचलला. पुढच्या चाकांनी गाडी ओढून वर काढली.

वर बाया उभ्या होत्या. आवाज खालूनच ऐकला असणार. एकेक जण येऊन गाडीच्या दारावर हात ठेवून गेली. तिथली ती म्हातारी, सोनबाई, जी तुझ्याशी प्रत्येक जुडीवरून भांडायची, तिने वांग्यांची पाटी मागे ठेवली आणि म्हणाली, "तेरवीची हाय. मायची. हे मोलाची नाई."

गजूभाऊ खाली उतरले. बाजारात दिवसभर ओरडणारा माणूस. हात जोडून हळूच म्हणाले, "आवतन देतो. परवा जेवाले या. गाडी येईन घ्याले."

गाडी येईन. तुझेच शब्द. त्यांना कळलं की नाही, माहीत नाही.

उतारावर ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "भंगारवाल्याले फोन करून सांगतो. नाई म्हणून." मी मान हलवली. ओढा ओलांडला, डांबरी लागली, मी बटण मागे फिरवलं. तसे ते बटणाकडे बघत म्हणाले, "भाऊ, एक सांगू? हे दर बाजाराले फिरवत जा. गरज नसली तरी. माय म्हणे, ठेवलं तं आखडते."

मी म्हणालो, "हो. फिरवतो."

तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो, मावशी, आणि त्यांच्यापुढे एका शब्दात हरलो. आणि फिरवतोही आहे. सपाट रस्त्यावर, डांबरीवर, थोडंसं, सरळ जागा बघून. ते घर्र ऐकायला बरं वाटतं.

तुझं माझ्यावर जे आहे ते मला फेडता यायचं नाही. मी प्रयत्नही करणार नाही, तुला ते आवडलंही नसतं. पण वहिनींचं आहे ते फेडीन. त्या दिवशी हिरवा दिवा लागला तेव्हा त्या सीटवरून लगेच उतरल्या नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे चालवाले लय कठीण असते काय वो?" तू म्हणायचीस "शिकव, चालवतो", तेव्हा मी हसायचो. या वेळी हसलो नाही. म्हटलं, नाही, कठीण नाही.

पाऊस सरला की आपल्या वाफ्याशेजारच्या पडीक शेतात सुरुवात करीन. क्लच, गियर, उलटी गाडी, सगळं. पुढच्या पोळ्याला खांदा त्या मळतील, त्यांच्या हाताने, त्याच जागी. आणि त्यानंतर एखाद्या बाजाराला गुड्याच्या ओढ्यापाशी बटण त्या फिरवतील, चढ त्याच चढवतील. मी तुझ्या जागेवर बसेन आणि तू करायचीस तशी सगळ्या वाटेने कटकट करीन. वर पोचलो की समज, मावशी, तुझ्या सुनेचं मी फेडलं.